दुकानातल्या चिमण्या

काल मोठ्या स्टोअरमध्ये ट्रॉली ढकलत होते आणि वरून चिवचिव ऐकू आली, आधी वाटलं स्पीकर असेल, पण वर बघितलं तर छताच्या लोखंडी पट्टीवर खऱ्या चिमण्या! एकीच्या चोचीत गवताची काडी होती, म्हणजे घरटं चालू होतं. आत ऊन-पाऊस नाही, ससाणा नाही, खाली सांडलेले दाणे. चिमण्या ऑटोमॅटिक दाराच्या सेन्सरसमोर फडफडून दार उघडायलाही शिकतात, किती हुशार ना! पण पिल्लांना किडे-अळ्या लागतात, १०-१४ दिवसांनी अंडी फुटली की त्या कुठून आणणार, झाडांच्या सेक्शनमधून? मला खरंच काळजी वाटली. निदान पिल्लं उडेपर्यंत घरट्याला कोणी हात लावू नये, प्लीज.