तुम्ही विचारलंत म्हणून: चार बोटांचा फरक

"भुसावळची पोरगी तू, बाबा रेल्वेत गार्ड, आणि मॉडेल करतेस ते आयर्लंडच्या कुठल्यातरी बंद पडलेल्या लाइनचं? आपल्या गाड्या का नाही करत?" हा प्रश्न आत्याने विचारलाय, शाळेतल्या मैत्रिणींनी विचारलाय, डब्लिनमधल्या आमच्या मराठी मंडळींपैकी जवळजवळ सगळ्यांनी विचारलाय, आणि घरी आलेले आयरिश शेजारीसुद्धा टेबलावरचे रूळ बघून हेच विचारतात. दर वेळी चहा होईपर्यंत जेवढं सांगून होतं तेवढंच सांगते आणि मग विषय बदलतो. आता एकदा नीट बसून लिहिते.

मी 2012 ला डब्लिनला आले आणि डंड्रमला राहायला लागले. ऑफिसला जायला लुआस, म्हणजे इथली ट्राम. पहिले काही महिने रेल्वेकडे माझं लक्षही नव्हतं, नवीन देश, नवीन नोकरी, थंडी. मग एकदा गॉलवेला जायचं होतं म्हणून ह्यूस्टन स्टेशनवर गेले, गाडीला वेळ होता, फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहिले आणि सवयीने खाली रुळांकडे बघितलं. रेल्वे कॉलनीत वाढलेल्या माणसाची नजर आपोआप तिकडे जातेच. आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. का ते तेव्हा कळलं नाही. फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांनी तासाभराने फोन केला, पहिलं वाक्य: "अगं, हे तर ब्रॉडगेज दिसतंय!"

बाबा बरोबर होते. आयर्लंडचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 5 फूट 3 इंच, 1600 मिलिमीटर. आपला 5 फूट 6 इंच, 1676. मधे फक्त 3 इंच, हाताची चार बोटं आडवी ठेवली तर भरतील एवढे. मी रोज ज्या लुआसने जात होते ती 1435 वाली, म्हणजे इंग्लंडमध्ये आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी असतो तो स्टँडर्ड गेज, म्हणून ते रूळ मला कधी ओळखीचे वाटले नव्हते. तिथून माझं हे सगळं सुरू झालं, एका फोटोवरून.

मग हा असा मधलाच आकडा आला कुठून ते शोधायला लागले. आयर्लंडची पहिली रेल्वे 17 डिसेंबर 1834 ची, डब्लिन ते किंग्जटाउन, आता त्याला डन लिअरी म्हणतात. आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या 18 वर्षांहून जास्त आधी. ती घातली इंग्लंडसारखीच 4 फूट साडेआठ इंचांवर. मग उत्तरेला अल्स्टर रेल्वेने 1839 मध्ये बेलफास्टहून लिझबर्नपर्यंत लाइन टाकली ती 6 फूट 2 इंचांवर, कारण सरकारी कमिशनने तसं सुचवलं होतं. आणि डब्लिनहून ड्रॉहडाकडे जाणाऱ्या कंपनीने ठरवलं 5 फूट 2 इंच, खर्च कमी म्हणून. आता बघा, ड्रॉहडाची लाइन वर सरकत सरकत कधीतरी अल्स्टरच्या लाइनला भेटणारच होती आणि भेटल्यावर एकीचा डबा दुसरीवर जाणार नव्हता. अल्स्टरवाले चिडले, सरकारने 1843 मध्ये रेल्वेचे सरकारी निरीक्षक मेजर जनरल पास्ली यांना विचारलं की तुम्ही सांगा काय करायचं.

इथे एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते की पास्लींनी तिन्ही गेजांची बेरीज करून तीनने भागलं. मी स्वतः कागदावर करून बघितलं: साडेछप्पन्न, चौऱ्याहत्तर आणि बासष्ट इंच, बेरीज साडेएकशेब्याण्णव, भागिले तीन, 64 इंचांच्या वर जातं. 5 फूट 3 इंच म्हणजे 63. त्यामुळे ती गोष्ट ऐकायला छान आहे पण खरी नाही. त्यांनी इंजिनिअर लोकांची मतं घेतली, 5 फुटांपासून 5 फूट 6 इंचांपर्यंतचे आकडे आले आणि त्यांनी बरोबर मधला घेतला. 1846 मध्ये कायदा झाला. अल्स्टर रेल्वेने आपले रूळ आत ओढले, आणि पहिल्या किंग्जटाउन लाइनने 1857 मध्ये रुंद केले. आज त्याच मार्गावरून समुद्राच्या कडेकडेने डार्टच्या लोकल धावतात.

मला ह्या निर्णयाचं खूप कौतुक वाटतं, अगदी मनापासून. भांडणारे दोन पक्ष होते, आणि जो आकडा निघाला तो दोघांपैकी कोणाचाच नव्हता, तरी सगळ्यांनी पाळला. त्याची किंमतही मोजली म्हणा, कारण शेजारच्या इंग्लंडची जुनी इंजिनं आणून तशीच चालवता येत नाहीत, चाकांपासून बदल करावा लागतो. आणि हा गेज समुद्रापलीकडेही गेला. ऑस्ट्रेलियात फ्रान्सिस शील्ड्स नावाच्या आयरिश इंजिनिअरने सिडनीच्या लोकांना 5 फूट 3 इंच पटवून दिला, व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियाने तो मान्य करून ऑर्डरीही देऊन टाकल्या, पण शील्ड्सनी राजीनामा दिला होता आणि त्यांच्या जागी आलेल्या माणसाने सिडनीचा गेज परत इंग्लंडचा केला. त्या एका राजीनाम्याचा त्रास ऑस्ट्रेलियाने शंभर वर्षांहून जास्त काढला. ब्राझीलमध्येही बऱ्याच ठिकाणी 1600 च आहे.

(आणि केरीमध्ये एक रेल्वे अशी होती की तिला गेजच नव्हता! लिस्टोलहून बॅलिबनियनला, 1888 ते 1924, एकच रूळ कमरेएवढ्या उंच आधारांवर बसवलेला आणि गाडी त्याच्यावर दोन्ही बाजूंना लोंबकळणारी, गाढवाच्या पाठीवरच्या गोणींसारखी. दोन्हीकडचं वजन सारखं ठेवावं लागायचं. तिचा छोटा तुकडा आता परत उभा केलाय, आयर्लंडला आलात तर नक्की बघा.)

आता मॉडेलचं. इथे सगळ्यात जास्त चालणारी स्केल म्हणजे ओओ, 4 मिलिमीटरला 1 फूट. दुकानात रूळ मिळतात ते साडेसोळा मिलिमीटरचे. पण 5 फूट 3 इंच ह्या हिशोबाने व्हायला पाहिजेत बरोबर 21. म्हणजे तुम्ही रेडीमेड रुळांवर आयरिश गाडी ठेवली की ती फूटभरापेक्षा जास्त अरुंद रुळांवर उभी असते, वरून धिप्पाड आणि पाय जवळजवळ घेतलेले. ही गडबड मुळात ब्रिटिश मॉडेलांची आहे, त्यांची इंजिनं खऱ्यातच लहान, जुन्या काळच्या मोटरी त्यात मावत नव्हत्या म्हणून वरचं शरीर मोठ्या स्केलचं केलं आणि खालचे रूळ लहान स्केलचेच ठेवले. ब्रिटिश गाडीला ते कसंबसं चालून जातं. आयरिश गाडीला फारच दिसतं. बहुतेक लोक साडेसोळावरच चालवतात आणि मी त्यांना अजिबात नावं ठेवत नाही, कारण पूर्वी आयरिश मॉडेल म्हणजे ब्रिटिश मॉडेल घेऊन त्याला काळा-नारिंगी रंग द्यायचा एवढंच हातात होतं. मर्फी मॉडेल्सने जनरल मोटर्सची आयरिश डिझेलं काढली, पुढे आयरिश रेल्वे मॉडेल्सवाले आले, आता पेटीतून काढून रुळावर ठेवता येईल अशी सुंदर इंजिनं मिळतात. हे मोठंच काम झालंय.

पण मला तो खरा गेज पाहिजे होता, आपल्यापेक्षा चार बोटंच कमी असलेला. 21 चे रूळ मी हाताने बनवते. तांब्याचा थर असलेल्या पट्ट्या कापून रुळांखालचे आडवे स्लीपर करायचे, प्रत्येकावर मधे तांबं खरवडून काढायचं नाहीतर शॉर्ट होतं, मग गेज लावून रूळ सोल्डर करायचा, एक स्लीपर सोडून पुढचा, मग मागे येऊन राहिलेले, कारण एका जागी सलग उष्णता दिली की रूळ ताणतो आणि गार झाला की वाकतो. हे मला माहीत नव्हतं तेव्हा पहिला तीन फुटांचा तुकडा पूर्ण वाया गेला, दिसायला सरळ आणि प्रत्येक डबा त्याच जागी उतरायचा. एका आयरिश आजोबांनी, वय ऐंशीच्या पुढे, माझ्याशेजारी बसून बोटाने दाखवलं की इथे अर्धा मिलिमीटर आत आलंय. त्यांनी डोळ्यांनी पकडलं. बाबा आठवले मला. चाकांचे आससुद्धा लांब घालावे लागतात, आणि सांधे, म्हणजे जिथे एका लाइनीतून दुसरी लाइन फुटते ती जागा, एक सांधा करायला माझा अख्खा शनिवार-रविवार जातो.

गाडी कुठली करायची हे मात्र पटकन ठरलं. एक काळ असा होता की ह्या लहानशा बेटावर साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास रेल्वे होती, आज त्याच्या निम्मीही नाही. बस आल्या, ट्रक आले, देशाची फाळणी होऊन मधे सीमा आली आणि लाइनी तिथे तुटल्या. डोनेगलमध्ये आज एकही रेल्वे स्टेशन नाही. मी जिथे राहते त्या डंड्रमवरून पूर्वी हारकोर्ट स्ट्रीटची लाइन जायची, 1958 च्या शेवटच्या दिवशी बंद केली, रूळ उपटले, आणि 2004 मध्ये त्याच वाटेवर लुआस आली, अरुंद रुळांवर. म्हणजे मी रोज एका गेलेल्या ब्रॉडगेजवरूनच ऑफिसला जात होते.

मी घेतली लॉक्रेची ब्रँच. गॉलवे काउंटीतलं गाव, मेन लाइनवरच्या ॲटिमन स्टेशनवरून 9 मैलांचा फाटा, मधे डनसँडल नावाचं एकच स्टेशन. 1890 च्या डिसेंबरात सुरू झाली, नोव्हेंबर 1975 मध्ये बंद. आयर्लंडमधली अशी खेड्यातली ब्रँच सगळ्यात शेवटपर्यंत टिकलेली तीच. शेवटच्या वर्षांत तिथे जर्मनीत बनलेलं डॉइट्झचं चार चाकांचं इटुकलं डिझेल, मागे एक प्रवासी डबा आणि असतील तेवढे मालाचे वॅगन, एवढीच गाडी. मिक्स गाडी. हे वाचलं आणि माझा विषय संपला, कारण मला आठवली आमची पाचोरा-जामनेर. मामाकडे जायला आम्ही पाचोऱ्याला बदलायचो, पी.जे. म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज, वाटेत ड्रायव्हरला नावाने हाक मारणारी माणसं, शेंगांच्या टोपल्या, उतरताना कोणीतरी कोणाचंतरी पोर खाली घ्यायचं. 2020 च्या लॉकडाउनमध्ये ती थांबली. लॉक्रेचे फोटो बघताना मला माणसं तीच दिसतात, फक्त कोट घातलेले.

त्या डॉइट्झ इंजिनांपैकी काही डाउनपॅट्रिकच्या हेरिटेज रेल्वेत ठेवलीत, ती बघायला मी टेप घेऊन गेले आणि पातळ प्लॅस्टिकच्या शीटमधून कापून माझं इंजिन केलं. बाजूची जाळी तीनदा केली. धीर सुटला की मी मॅलाहाइडला जाते, तिथे कसीनो नावाच्या गवती छपराच्या घरात सिरिल फ्राय यांची मॉडेलं ठेवलीत. इंचिकोरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन होते, खरी ड्रॉइंगं समोर, आणि घरी येऊन स्वतःच्या हाताने डबे न् इंजिनं करायचे. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या गाड्यांचं म्युझियम आहे ना, तिथे मी लहानपणी नाही पण मोठेपणी गेले आणि तेव्हा जसं काचेला नाक लावून उभी होते, तशीच इथेही.

तर आपल्या गाड्या का नाही, ह्याचं माझं उत्तर असं की मी त्या करतेय असंच मला वाटतं. ह्या स्केलमध्ये आपला ब्रॉडगेज होतो 22 मिलिमीटर आणि आयरिश 21. एक मिलिमीटर. भुसावळ यार्ड टेबलावर मावणार नाही, माझ्या घरात तर नाहीच, पण एक फलाट, एक सांधा, एक लूप आणि टोकाला बफर एवढं 9 मैलांचं जग मावतं आणि त्यात मला जे माहितीये ते सगळं घालता येतं.

मागच्या दिवाळीत बाबांना व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा गाडी चालवून दाखवली. इंजिन, एक डबा, चार वॅगन, फलाटावरून हळू निघून वळणापर्यंत. बाबा काही बोललेच नाहीत, मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाले, "परत आण." परत आणली. म्हणाले, "डबा एकच का?" मी म्हटलं हो बाबा, एकच असायचा. "बरं. आणि गार्ड कुठाय?"

मी फलाटावर हमाल ठेवला होता, दोन बायका ठेवल्या होत्या, दुधाच्या कॅन, सायकल, एक कुत्रा. छत्तीस वर्षं ज्यांनी गार्डची लोखंडी पेटी घेऊन ड्युटी केली त्यांची मुलगी मी, आणि गार्डच नव्हता. त्या रात्री झोपले नाही, सकाळी माणसांचं पाकीट उघडून एक घेतला, ह्या स्केलमध्ये माणूस जेमतेम 23 मिलिमीटर, त्याचा हात गरम सुईने वर वळवला आणि बारीक तारेवर कागदाची हिरवी झेंडी चिकटवली. फोटो पाठवला. बाबांचं उत्तर आलं, झेंडी ठीक आहे पण हा शेवटच्या वॅगनकडे बघत नाहीये, मागचा दिवा लागलाय की नाही ते बघितल्याशिवाय गार्ड झेंडी दाखवत नाही, त्याची मान वळव.

मान वळवली. शेवटच्या वॅगनला दिवा लावायचा राहिलाय, तो ह्या आठवड्यात.