साष्टी बेटावरचा रविवार

रविवार, रात्री

आज बाबांना घेऊन साष्टी फिरले. अंधेरीहून सुरुवात, शेवट घोडबंदरला. आपण राहतो ते बेट आहे, हे मुंबईच्या उपनगरात कुणाच्या लक्षातही राहत नाही. दक्षिणेला माहीमची खाडी, पूर्वेला ठाण्याची, उत्तरेला वसईची आणि पश्चिमेला समुद्र. माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये झाला, त्याआधी माहीमहून वांद्र्याला यायचं तर होडीच लागे. बाबांची सगळी नोकरी गोदीत गेली. त्यामुळे लेण्यांपेक्षा त्यांना 'इथून पाणी किती लांब' हेच आधी कळायला हवं असतं. आज त्या प्रश्नाचा मला फार उपयोग झाला.

महाकाली लेण्यांत सकाळी गर्दी नव्हती. खरं नाव कोंडिविटे, १९ लेणी, आणि बाहेर वाहनांचा अखंड आवाज. मला पाहायचं होतं ते नऊ नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह. आत स्तूपाभोवती दगडाचीच गोल भिंत आहे, तिला दार आणि जाळीच्या खिडक्या. गवताने शाकारलेल्या कुडाच्या झोपडीची ही दगडातली नक्कल. बिहारमधल्या बराबरच्या लेण्यांतही अशीच गोल खोली आहे. पश्चिम भारतातल्या अगदी सुरुवातीच्या लेण्यांत हे चैत्यगृह धरलं जातं. पुढे कार्ल्याचे भव्य खांब, कमानी आल्या, पण त्याआधीचे कारागीर आपल्या ओळखीचं घरच दगडात कोरत होते. मी बराच वेळ त्या जाळीशी उभी होते.

मग कान्हेरी. इथे शंभराहून जास्त लेणी आहेत, आणि इसवी सनाच्या आरंभापासून जवळपास हजार वर्षं इथे वस्ती होती. वरांड्यातल्या वीस फुटांहून उंच बुद्धमूर्ती बघायला सगळे थांबतात, आम्हीही थांबलो. पण मला इथे ओढून नेतात ते शिलालेख. तीन नंबरचं मोठं चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीचं, आणि ते कोरवून घेतलं दोघा व्यापारी भावांनी. बाकीच्या लेण्यांतही देणारे असेच लोक आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे कातळात खोदलेलं टाकं दिलं, कल्याणच्याच एका लोहाराने पायवाट करून दिली. सोपाऱ्याचे लोक आहेत, चेमूलचे, म्हणजे आपल्या चौलचेही आहेत. कुणी अक्षयनीवी ठेवली, म्हणजे मूळ रक्कम तशीच ठेवायची आणि तिच्या व्याजातून भिक्षूंना चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, द्यायचं.

गावांची ही यादी मी वाचून दाखवली तेव्हा बाबा एकदम म्हणाले, "अगं, ही सगळी बंदरंच की."

इतकी वर्षं कान्हेरीला येतेय, ही यादीही वाचलेली होती, पण ती बंदरांची यादी म्हणून मी कधी वाचली नव्हती. कल्याण, सोपारा, चौल या तिन्ही बंदरांचा उल्लेख पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या सागरी व्यापारावरच्या ग्रीक पुस्तकात आहे. कल्याणला आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, इतका बारीक तपशील त्यात आहे. त्या बंदरांत आलेला पैसा डोंगरावर चढून पोढ्यांमध्ये, ओट्यांमध्ये, पायऱ्यांमध्ये उतरला. भिक्षूंचा हा विहार एकांतात होता हे खरं, पण जगापासून तुटलेला कधीच नव्हता.

नव्वद नंबरच्या लेण्यात तर समुद्र भिंतीवरच आला आहे. मध्ये संकटातून तारणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आणि दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसं: हत्ती, सिंह, साप, आग, चोर, आणि त्यांतच जहाजबुडी. पाण्यावर जगणाऱ्या माणसाला हे शिल्प काय वाटत असेल, याचा विचार करत मी उभी राहिले. बाबांनी चप्पल काढून हात जोडले. गोदीतली माणसं समुद्राची भीती कधी बोलून दाखवत नाहीत, घरीही नाही. याच लेण्यात पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. पारशी मंडळी इथे आली आणि आपापली नावं कोरून गेली. इराणातून समुद्रमार्गे आलेल्यांच्या वंशजांना बौद्ध लेण्यात आपलं नाव ठेवावंसं वाटलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या राज्यात गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या एका उपासकाने इथे दान दिल्याचाही लेख आहे. इतक्या दूरवर या डोंगराचं नाव पोचलं होतं.

जेवण गाडीतच झालं, घरून नेलेल्या पोळी-भाजीवर. पुढे मागाठाणे. इथे मात्र मन खट्टू झालं. कान्हेरीच्या एका शिलालेखात मंगलस्थान येथील शेत संघाला दिल्याची नोंद आहे, ते मंगलस्थान म्हणजे हेच मागाठाणे असं मानतात. सहाव्या शतकाच्या आसपासची ही लेणी आज वस्तीच्या पोटात दबली आहेत. खांब झिजलेत, नक्षी जेमतेम दिसते. तिथे राहणाऱ्या माणसांचा यात दोष नाही, त्यांनाही राहायला जागा हवीच. पण या दगडांकडे जिचं लक्ष असायला हवं ती व्यवस्था कुठे दिसत नाही. मागाठाणे, एकसर, मंडपेश्वर, तिन्ही नावं आता मेट्रोच्या स्थानकांवर आहेत आणि लाखो लोक ती रोज ऐकतात.

एकसरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, बघायला बाबा सकाळपासून अधीर होते. बोरिवली पश्चिमेला, इमारतींच्या मधोमध हे शिलाहारकालीन उंच दगड उभे आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा: खाली लढाई, मग मरण, मग अप्सरांसह स्वर्गाकडे जाणं, वर शिवपूजा. इथे लढाई आहे ती जहाजांची. उंच नाळेची गलबतं, वल्ह्यांच्या रांगा, वर धनुष्यं घेतलेले सैनिक. महाराष्ट्रात वीरगळ गावोगाव आहेत, पण आरमारी लढाई दाखवणारे असे फारच थोडे. बरेच अभ्यासक ही लढाई १२६५ च्या सुमाराची मानतात: देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यातली. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असं यादवांचा मंत्री हेमाद्री याने लिहून ठेवलं आहे. बाबा वाकून वल्ही मोजत होते. "वल्ही एका लयीत आहेत बघ. ज्याने कोरलं त्याने नाव चालताना पाहिलीय," म्हणाले. हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं.

मंडपेश्वरला थोडाच वेळ थांबलो. शैव लेणं, पुढे पोर्तुगीजांनी त्याचं चर्च केलं. सुंदर आहे, पण आजच्या धाग्यातलं नाही.

ऊन कलल्यावर घोडबंदरच्या किल्ल्यावर चढलो. हा किल्ला पोर्तुगीजांचा, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी समोरची वसई घेतली. मला मात्र तिथून खाली दिसणारं पाणीच बघत बसावंसं वाटलं. उजवीकडे वर गेलं की उल्हास नदीने कल्याण. डावीकडे खाडीचं मुख, आणि त्याच्या उत्तरेला सोपारा. कान्हेरीच्या लेखांतले दाते याच पाण्याच्या दोन टोकांना राहत होते. "भरतीला कल्याण, ओहोटीला समुद्र," बाबा म्हणाले, "शीड नसलं तरी नाव जाईल."

पुढचा बेत नालासोपाऱ्याचा आहे. तिथला स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला, आत दगडी पेटीत बुद्धांच्या लहान ब्राँझमूर्ती आणि सोन्याची फुलं सापडली. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्यालाच मिळाले.

त्याआधी मागाठाण्यासाठी एक पत्र लिहायला घेतलंय. मागणी लहान आहे: लेण्यांपाशी आणि मेट्रो स्थानकात एकेक मराठी फलक, त्यावर कान्हेरीच्या लेखातली ती शेताची नोंद आणि लेण्यापर्यंत पोचायची वाट. बाबांनी मसुदा वाचला आणि सही करायला पेन मागितलं.