233 ग्रॅमचं कॅरियर

काका दुकानात शिरले ते मोबाईल पुढे धरूनच. "हे पाहिजे. कुठूनही मागवा."

पडद्यावर जर्मनीच्या ट्यूबस कंपनीचं एअरी नावाचं टायटॅनियमचं सायकल कॅरियर होतं. वजन 233 ग्रॅम, भार 30 किलो. काकांचं वय 64, वीज मंडळातून निवृत्त. आठवड्याभराने ताम्हिणी उतरून, मग किनाऱ्याकिनाऱ्याने एकटे गोव्याला निघणार. सायकल ॲल्युमिनियमची हायब्रिड, डिस्क ब्रेकवाली.

परदेशातून मागवायला वेळ नव्हता, आणि त्या किमतीत माझ्याकडची साधी सायकल आली असती. पण गिऱ्हाईक एकदा ग्रॅमवर अडलं की वाद घालून उपयोग नसतो. काटाच दाखवावा लागतो.

"सामान आणलंय?"

गाडीत होतं. दोन पॅनियर, म्हणजे कॅरियरच्या दोन बाजूंना अडकवायच्या बॅगा, गच्च भरलेले. मी लगेजचा काटा अडकवून दोन्ही उचलले. 17.4 किलो.

मग आमच्या कामाच्या टेबलावर जुनी गोणपाटं अंथरून सगळं बाहेर काढलं. काका जरा ओशाळले, कारण आमचा पोरगा दात काढत होता. साखळीचं कुलूप 1.6 किलो, स्टीलचा तीन पुडांचा डबा, जीन्स, दोन पॉवर बँका, शिवाय वाटेत कुणाला तरी द्यायची चितळ्यांची बाकरवडी. बीपीचं मशिन मी काही न बोलता परत ठेवलं. बाकरवडीवर चर्चा झाली. शेवटी ती बॅगेत राहिली, कुलूप आणि जीन्स गेली, डबाही गेला. काटा 13.1 वर आला.

"चार किलो तीनशे ग्रॅम," मी म्हटलं. "आता कॅरियरचं बोलू."

दुकानात कामाची दोनच होती. एक ॲल्युमिनियमचं, काट्यावर 430 ग्रॅम. दुसरं स्टीलच्या 10 मिलिमीटर नळीचं, 710 ग्रॅम. सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, आवळायचं तिसरंही होतं, पण त्यावर नऊ-दहा किलोच्या वर टाकू नये आणि वळणावर ते शेपटीसारखं डुलतं. कोपऱ्यात अजून एक आहे, स्प्रिंगच्या चापाचं, दूधवाल्यांच्या काळचं. ते शोभेला.

काकांनी 430 ग्रॅमवालं हातात घेतलं आणि अंगठी पारखावी तसं फिरवून पाहिलं. "280 ग्रॅमचा फरक आहे."

"पेलाभर पाणी," पोरगा म्हणाला. मी त्याच्याकडे रागाने बघितलं, पण हिशेब बरोबर होता.

हलकं आधी चढवलं. इथे पहिली अडचण आली. डाव्या बाजूला डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकती दाबणारा चिमटा, बाहेर डोकावतो आणि या कॅरियरचे पाय सरळसोट उतरतात. पाय कॅलिपरला घासू नये म्हणून फ्रेम आणि पाय यांच्यामध्ये 18 मिलिमीटरची नळकांडी घालावी लागत होती. म्हणजे बोल्ट लांब, आणि त्याचा मधला भाग नुसता अधांतरी.

मी ड्रॉवरमधली जुनी फिल्मची डबी काढली. तिच्यात एक तुटका बोल्ट आहे, एम 5 चा, म्हणजे 5 मिलिमीटर जाडीचा. दोन वर्षांपूर्वी एका मुलाच्या सायकलला मीच असंच लांब बोल्ट आणि वॉशरची चळत लावून कॅरियर बसवलं होतं. वरंध घाटात ते मागे कलंडलं, पिशवीचा पट्टा चाकात गेला, आणि तो कोपरावर घसरला. फार लागलं नाही, पण चूक माझी होती, म्हणून बोल्ट ठेवलाय. काकांना उजेडात धरून दाखवला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गुळगुळीत, किनाऱ्यावर लाटांच्या रेघा राहाव्यात तशा त्यावर बारीक रेघा. उरलेला खरखरीत, साखरेसारखा. गुळगुळीत भाग हळूहळू, खड्ड्याखड्ड्याला चिरत गेलेला. खरखरीत भाग एका झटक्यात गेलेला.

लोकांना वाटतं कॅरियर मोडतं. माझ्याकडे मोडून आलेल्यांत कॅरियर कमी आणि बोल्ट जास्त असतात. मुळात बोल्टने भार तोलायचाच नसतो. त्याने कॅरियरचा पाय फ्रेमवर इतका दाबून धरायचा की घर्षणच भार घेईल. मधे नळकांडं आलं, किंवा बोल्ट जरा ढिला झाला, की प्रत्येक खड्ड्याला तो वाकतो. हे सांगताना मी बहुतेक जास्तच बोललो. काका वीज मंडळातले, खांबांवरचे क्लॅम्प बघण्यात आयुष्य गेलेलं. "कळलं हो," एवढंच म्हणाले.

तरी त्यांचं मन त्या 430 वरच होतं. म्हणून पॅनियर अडकवून बॅगेच्या पुढच्या कोपऱ्याला भरपूर खडू फासला आणि म्हटलं, त्या चढावर एक फेरी मारून या. परत आले तेव्हा दोन्ही बुटांच्या टाचा मागून पांढऱ्या झालेल्या. या सायकलीची चेनस्टे, म्हणजे पॅडलपासून मागच्या चाकापर्यंतची नळी, आखूड, पाय नऊ नंबरचा, आणि हलक्या कॅरियरचा ओटाच छोटा, त्यामुळे बॅग मागे सरकवायला जागाच नाही. गोव्यापर्यंत पॅडलच्या प्रत्येक फेऱ्याला टाच बॅगेवर.

"घाला ते जाडं," काका म्हणाले.

स्टीलवाल्याचे पाय मुळात कॅलिपरला वळसा घालूनच खाली येतात, त्यामुळे आखूड बोल्ट पुरला. बॅग दोन बोटं मागे सरकली. परत खडू, परत चढ, टाचा काळ्याच. स्टीलचा आणखी एक फायदा म्हणजे नळी चिरली तर रिक्षाच्या गॅरेजमध्येही पितळी रॉडने जोडून मिळते. गॅस जपून मारायला सांगायचं, नळी पातळ असते. ॲल्युमिनियमला तसा कारागीर वाटेत शोधत बसावं लागतं.

बोल्ट 8.8 ग्रेडच्या मजबुतीचे घेतले, खालच्या दोघांना निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, टॉर्क पान्यावर 5 न्यूटन-मीटर. वरच्या दोघांना थ्रेडलॉकर लावलं नाही, उंची बदलावी लागली तर पंचाईत नको. शेवटी घरून आणलेलं बायकोचं लाल नेलपॉलिश काढलं आणि चारही बोल्टांच्या डोक्यावरून कॅरियरपर्यंत एकेक रेघ ओढली. रेघ तुटली की बोल्ट फिरला. रोज सकाळी चहाआधी बघायचं, असं बजावलं. चारचा ॲलन की त्यांच्या हँडलच्या बॅगेत मी स्वतः टाकला.

कुलूप दुकानातच राहिलं. जाताना म्हणाले, "आल्यावर नेतो."

तिसऱ्या दिवशी दुपारी फोटो आला. दाभोळच्या फेरीबोटीची रांग, मागे वाशिष्ठीची खाडी, पुढे चिखलाने माखलेलं कॅरियर. उजवीकडच्या वरच्या बोल्टची लाल रेघ केसभर सरकलेली. मी फोन लावेपर्यंत दुसरा मेसेज: "पाव फेरा आवळला. बाकरवडी संपली. फेरी लागली."