तुम्ही विचारलंत म्हणून: ठाम श्रद्धा आणि मोकळं मन

"स्वतःचाच धर्म खरा मानता, मग इतरांच्या श्रद्धेबद्दल मोकळ्या मनाचे कसे?" हे इतक्यांदा विचारून झालंय की त्यातला आरोप मला आधी ऐकू येतो: एक तर तुमची श्रद्धा कच्ची, नाहीतर मोकळेपणा खोटा.

पूर्वी माझं उत्तर ठरलेलं असायचं, 'शेवटी सगळे धर्म एकच सांगतात.' ते मी मागे घेतोय. ख्रिस्ती माणूस येशूला देवाचा पुत्र मानतो. मुसलमान त्याला पैगंबर मानतो आणि पुत्र म्हणणं साफ नाकारतो. दोघांचं 'एकच' म्हणणारा दोघांचंही नीट ऐकत नसतो.

मग ठामपणाच वाईट का? इथे मला १५५३ सालचं जिनिव्हा आठवतं. मिगेल सर्व्हेटस हा स्पॅनिश वैद्य त्रैक्याचा सिद्धांत नाकारत होता, म्हणजे एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे आहेत आणि पुत्रही पित्यासारखाच सनातन आहे, हे. नगरपरिषदेने त्याला जिवंत जाळायची शिक्षा दिली. तिथला प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन, त्यालाही सर्व्हेटसचा मृत्यू हवाच होता. त्याने फक्त जाळण्याऐवजी शिरच्छेद करा, असं सुचवलं. तेही मानलं गेलं नाही. २७ ऑक्टोबरला शांपेलच्या टेकडीवर सर्व्हेटसला खांबाला बांधलं. ज्वाळांतून त्याने हाक मारली ती 'सनातन देवाच्या पुत्रा येशू, माझ्यावर दया कर' अशी. 'देवाच्या सनातन पुत्रा' म्हणाला असता, तर तो शरण आला असं झालं असतं. एका विशेषणाची जागा! जळतानाही त्याने ती बदलली नाही. म्हणजे ठाम तोही होता, आणि त्याला जाळणारेही.

पण या शिक्षेला विरोध करणारा त्यांच्याच काळातला विद्वान सेबॅस्टियन कॅस्टेलिओ, तोसुद्धा ठाम होता. बायबलचं लॅटिन आणि फ्रेंच भाषांतर करणारा हा माणूस काही नास्तिक नव्हता. माणूस मारून सिद्धांताचं रक्षण होत नाही, फक्त माणूस मरतो, असं त्याने कॅल्व्हिनला उत्तर देताना लिहिलं. माझ्या मते फरक इथे पडतो: 'मला हे खरं वाटतं' आणि 'म्हणून तुला ते मानावंच लागेल' यांच्यामध्ये.

रोजच्या बोलण्यात हे पाळायचं तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडून मांडावं, आणि तो "हो, हेच" म्हणेपर्यंत उत्तर देऊ नये. हे फसतं ते तुलनेत. आपण आपला ग्रंथ त्याच्या लोकांच्या वागण्याशेजारी ठेवतो. ग्रंथाला ग्रंथ लावावा, वागण्याला वागणं. आपल्या ग्रंथातली अवघड वचनंही मग समोर ठेवावी लागतात, आणि तिथे मी अजून अडखळतो.

तरी एक गाठ सुटलेली नाही. समोरचा चुकीच्या वाटेने बुडतोय असं मनापासून वाटत असताना गप्प राहणं हा आदर, की बेपर्वाई? कधी मला हे वाटतं, कधी ते.

१९०३ साली कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी शांपेलला प्रायश्चित्ताचा दगड उभारला. कॅल्व्हिनचे कृतज्ञ पुत्र म्हणवून घेतच त्यांनी त्यावर त्या चुकीचा धिक्कार कोरला, आणि ती त्याच्या शतकाची चूक होती, असंही. त्या दगडाबद्दल मला आदर आहे, पण हे शेवटचं पटत नाही. कॅस्टेलिओ त्याच शतकातला होता.