म्हस समोर उभी असती

पुतणी एमबीए करतेय. परवा ती फॉर्मांचा गठ्ठा घेऊन घरी आली. विषय भारदस्त : ग्राहकांचं सामाजिक जबाबदारीचं वर्तन. परदेशात तयार झालेल्या प्रश्नावलीचं मराठी करायचं, कोल्हापूरकरांकडून ती भरून घ्यायची आणि बाकीच्या देशांच्या आकड्यांशी ताडून बघायची. प्रत्येक वाक्यापुढं पाच चौकोन, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत. ही पद्धत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन माणसानं १९३२ साली काढली. त्यानं आमच्या आईला बघितलं नव्हतं.

आई मेथी निवडत होती. पुतणीनं वाचलं, “पर्यावरणाला हानी पोहोचवणाऱ्या कंपन्यांची उत्पादने मी जाणीवपूर्वक टाळते.”

“बरोबर हाय.”

“बरोबर का चूक नाही गं आज्जी, तू काय करतीस ते सांग.”

“मी कशाला टाळू? मी घेतोच कुठं काय?”

(बाहेरच्यांसाठी सांगतो, कोल्हापुरातल्या बायका ‘घेतो’, ‘जातो’ असंच म्हणतात. त्यामुळं फॉर्मवरच्या ‘टाळतो/टाळते’पाशी आईचं आधीच अडलं होतं.)

पुढं एक उलटा प्रश्न होता. “वस्तू कुठे आणि कशी बनली याच्याशी मला देणंघेणं नाही.” आई म्हणाली, “व्हय, बरोबर हाय.” पुतणीनं कपाळाला हात लावला. असे उलटे प्रश्न मुद्दाम पेरलेले असतात म्हणे, सगळ्याला ‘हो’ म्हणणारी माणसं पकडायला. काही देशांत लोक सहज मान डोलवतात, काही ठिकाणी मधला चौकोन सोडत नाहीत, मग दोन देशांची सरासरी शेजारी मांडून उपयोग काय? पण आई हो-ला-हो करत नव्हती. पोरगी एवढी शिकतेय, तिला ‘नाही’ कसं म्हणायचं, एवढंच.

मी माझा फॉर्म मात्र झोकात भरला. कापडी पिशवी? नेहमी! प्रत्यक्षात ती गाडीच्या डिकीत असते आणि मी कपिलतीर्थ मंडईत कॅरीबॅग मागत असतो. स्वतःला बरं दाखवायची ही खोड मोजायला क्राउन आणि मार्लो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली ३३ वाक्यांची वेगळी पट्टी केली. ती पुतणीनं आणली नव्हती, म्हणून वाचलो.

खरी गंमत रद्दीपाशी झाली. “टाकाऊ वस्तू वेगळ्या ठेवण्यासाठी मी विशेष कष्ट घेते.” जर्मनीत २००३ पासून पाण्याच्या एकदाच वापरायच्या बाटलीमागं २५ सेंट अनामत द्यावी लागते, बाटली परत नेऊन दिली की पैसे मिळतात. त्या गावात हा प्रश्न शोभतो. आमच्याकडं रद्दीवाला दारात येतो, तागडी धरतो, वर पैसे देतो. आई तेलाच्या पिशव्यासुद्धा धुऊन दोरीवर वाळत घालते आणि त्याच्यासाठी साठवते. “कष्ट कसलं त्यात?” ती म्हणाली. झालं, पूर्ण असहमत. पाचापैकी एक गुण.

बरं, वागणं मोजायला घेतलं तरी घोळ आहेच. नॅशनल जिऑग्राफिक आणि लोकांची मतं अजमावणारी ग्लोबस्कॅन कंपनी यांनी २००८ साली १४ देशांत ‘ग्रीनडेक्स’ नावाची पाहणी केली होती. घर, प्रवास, खाणं, सामान या चार बाबतींत लोक प्रत्यक्षात काय करतात ते त्यांनी विचारलं. पुढं वाढत वाढत २०१४ मध्ये १८ देश झाले, त्यात भारत पहिला आणि अमेरिका शेवटची. ऐकून छाती फुगते खरी. पण लहान घर, हिवाळ्यात घर तापवायची गरज नाही, दारात चारचाकी नाही, याचे गुण द्यायचे कुणाला? सद्‌गुणाला, हवामानाला की खिशाला? त्यातून २०१२ च्या फेरीत आणखी एक दिसलं. पर्यावरणाची आपण हानी करतो म्हणून सगळ्यात जास्त खंत वाटणाऱ्यांत भारतीयच पुढं होते. तळाला असलेल्या अमेरिकनांना ती सगळ्यात कमी. आईला मात्र खंतबिंत काही नाही. असं जगण्याला काही नाव असतं, हेच तिला परवा कळलं.

शेवटचा प्रश्न. “खरेदीपूर्वी मी उत्पादनाच्या स्रोताची माहिती घेते.” उदाहरण दे म्हणाली आई. पुतणी म्हणाली, “समज, दूध.”

आमच्याकडं रात्रीचं दूध मी गंगावेशीतल्या कट्ट्यावरनं आणतो. तिथं गिऱ्हाईकापुढं धार काढतात. पेला पुढं केला की फेसाळ, कोमट दूध, वर मिशी.

“म्हस समोर उभी असती,” आई म्हणाली, “आणि काय माहिती घ्यायची? तिला इचारायचं काय?”

पुतणीनं बराच वेळ पेन तसंच धरून ठेवलं, मग मधल्या चौकोनात खूण केली.

रात्री तिचा फोन आला. फॉर्म मोजले तर एक कमी भरतोय, तुमच्याकडं राहिलाय का बघा. शोधला. स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला टोचलेला होता, पाठकोरी बाजू वर. तिच्यावर आईनं दुधाचा हिशोब मांडला होता. ‘सोमवार अर्धा, मंगळवार खाडा.’