'शुगर किती?'

माझी लेक चौदा वर्षांची होती तेव्हा मी तिला दिवसातून आठ-दहा वेळा एकच मेसेज पाठवायचे: 'शुगर किती?' सुरुवातीला आकडा यायचा. मग नुसता अंगठा. मग काहीच नाही.

तिला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते रोज बाहेरून घ्यावं लागतं. या आजाराला सुट्टी नसते. त्यात वयात येताना हार्मोन्समुळे इन्सुलिन नीट लागू पडत नाही. सगळं मोजूनमापून केलं तरी मीटरवर २८० दिसतं. अशा वेळी माझं 'किती?' म्हणजे तिला जाब विचारल्यासारखं वाटायचं. एकदा रडत रडत तिनेच हे सांगितलं.

नंतर स्कॉटलंडमधल्या 'स्वीट टॉक' या मोबाइल मेसेजच्या प्रयोगाबद्दल वाचलं. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. टाइप १ असलेली ८ ते १८ वयोगटातली ९२ मुलं त्यात होती. मेसेज जायचे ते मुलांच्या स्वतःच्या ध्येयाला धरून. मुलांचा आत्मविश्वास वाढला. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) मात्र जोडीला इन्सुलिनची सघन उपचारपद्धती, म्हणजे दिवसातून अनेक वेळा किंवा पंपाने इन्सुलिन, होती तिथेच सुधारलं. मेसेज उपचारांची जागा घेत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता ध्येय लेकच ठरवते. या महिन्याचं: झोपण्याआधी तपासणी. मी रात्री एकच मेसेज करते, आकडा मागत नाही. शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, हे तिला पाठ आहे.

परवा मधल्या सुट्टीत तिचाच मेसेज आला: 'आई, ६४ होती. साखर घेतली. आता ९८.' तो मी अजून पुसलेला नाही.