आडनाव नको, गाव सांगा

पेशवाईतले किंवा कंपनी सरकारच्या काळातले पूर्वज शोधायला निघालेला माणूस पुण्यात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमच्या आडनावाचे काही कागद आहेत का?" असतीलही, पण या प्रश्नाने ते हाती लागत नाहीत. पेशवे दप्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदांचे, रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आडनावांवर लावलेले नाहीत. ते प्रांत, गाव, खातं आणि साल यांवर लावलेले आहेत. शिवाय त्या काळच्या कागदात पुष्कळदा आडनावच नसतं. ब्राह्मण असेल तर 'नारो त्रिंबक', म्हणजे त्रिंबकाचा मुलगा नारायण. इतरांकडे 'रामजी बिन संताजी' किंवा 'वलद' लावून बापाचं नाव. 'बाजीराव बल्लाळ' यातलं बल्लाळ हे आडनाव समजणारे आजही भेटतात. ते बाळाजीचा मुलगा एवढंच सांगतं, घराण्याचं आडनाव भट.

म्हणून हातात तीन गोष्टी हव्यात: मूळ गाव, त्या गावात घराण्याचा हक्क काय होता (पाटीलकी, कुलकर्ण, जोशीपण, इनाम, की नुसती मिरास, म्हणजे जमिनीचा वंशपरंपरागत हक्क) आणि अंदाजे काळ. या नसतील तर आधी त्या मिळवायच्या, आणि त्या मिळतात तलाठ्याच्या दप्तरात. दप्तरखान्यात, म्हणजे पुणे पुरालेखागारात, थेट जाऊन बसणं म्हणजे वेळ घालवणं.

सुरुवात वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यापासून करा. त्यावर फेरफारांचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे, क्रमांक वर्तुळात लिहिलेले असतात. त्यातला वारसाचा प्रत्येक फेरफार काढायचा. त्यात मयताचं नाव, साधारण मृत्यूचं साल आणि वारसांची नावं असतात, कधी लग्न झालेल्या मुलींचीही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच घातला गेला. तेव्हा फेरफारांची साखळी साधारण शंभर वर्षं मागे नेते, म्हणजे तीन-चार पिढ्या. पुणे जिल्ह्यातले बरेच जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत. काही पानं इतकी पुसट आहेत की मूळ वही पाहिल्याशिवाय अक्षर लागत नाही.

साखळी बहुतेक वेळा एकाच जागी तुटते: एकत्रीकरणात (जमिनीचे तुकडे जोडताना) सर्व्हे नंबर गेला आणि गट नंबर आला. जुना नंबर माहीत नसेल तर पुढचं काहीच सापडत नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घ्या, त्यात जुना नंबर कुठल्या गटात गेला ते लिहिलेलं असतं. पेठेतलं घर असेल तर सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींसाठी गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागायचं.

आता खरा खजिना. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर इंग्रजांसमोर प्रश्न पडला: ही एवढी इनामं खरी किती? १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला ती तपासण्याचे अधिकार मिळाले. इनामदाराला कैफियत द्यावी लागे. सनद कोणी दिली, मूळ कोणाला दिली आणि त्याच्यापासून आजच्या धन्यापर्यंत इनाम कसं उतरलं, हे वंशावळीसकट. कमिशनने लोकांना छळलं हे खरं, पण वंशावळ शोधणाऱ्याला त्याच्याइतकं उपयोगी काम दुसऱ्या कुणी करून ठेवलेलं नाही. दत्तक झाला असेल तर तोही तिथे उघडा पडतो, आणि घरात कधीच न ऐकलेली बायकांची नावं अशाच कागदात येतात. पतीच्या पश्चात इनाम चालवणारी विधवा, दत्तक घेणारी काकू.

हे सगळं पुणे पुरालेखागारात आहे, १८९१ च्या जुन्या दगडी इमारतीत. अर्जात 'आमच्या घराण्याचा इतिहास' असं मोघम लिहू नका. 'मौजे अमुक, तर्फ अमुक, प्रांत पुणे, कुलकर्ण वतन, शके १६९० ते १७४०' असं लिहिलं तर रुमाल काढणाऱ्याला दिशा मिळते. रोजकीर्दीत शिरू नका. ती दिवसावार आहे, एका नावासाठी महिने जातील. आधी घडणी मागा. तीत रोजकिर्दीतल्या नोंदी खात्यावार उतरवलेल्या आहेत. नाना फडणिसांच्या काळातलं दप्तर चोख, दुसऱ्या बाजीरावाच्या अमलातलं विस्कळीत. तिथे नोंद नाही म्हणजे माणूसच नव्हता, असा निष्कर्ष काढू नये.

इनाम-वतन काहीच नसलेल्या कुणब्याच्या घराण्याला वाट अवघड आहे, पण बंद नाही. गावाचा थळझाडा मिळाला तर पाहा. त्यात जमिनी मूळ मिरासदार कुळांच्या नावांनी नोंदलेल्या असतात, आणि जे घराणं संपलं त्याची जमीन 'गतकुळी' म्हणून. पेठांतल्या घरांसाठी खानेसुमारीचे, म्हणजे घरमोजणीचे, कागद. मात्र पेठांची जुनी नावं माहीत हवीत: शुक्रवार म्हणजे विसापूर, सोमवार म्हणजे शहापूर, गुरुवार म्हणजे वेताळ पेठ.

मोडी शिकायलाच हवी. भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग होतात. लिपी तशी लवकर येते, अडवतात ते संक्षेप. शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, आणि 'प्र॥' म्हणजे प्रांत, 'त॥' म्हणजे तर्फ. तेच ॥ आकड्यापुढे आलं की अर्धा होतो. 'छ' दिसला की तो चंद्र, म्हणजे पुढे मुसलमानी महिन्याची तारीख आहे.

तारखेत तर भलेभले फसतात. कागदावर साल असतं शुहूर सनाचं (मराठी दप्तरातली तेव्हाची कालगणना), तेही अरबी शब्दांत: 'इहिदे सितैन मया व अलफ'. उजवीकडून मोजा: हजार, शंभर, साठ, एक. म्हणजे ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणजे साधारण जूनच्या सुरुवातीला. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतावर करून पाहा. १४ जानेवारी १७६१ याच सनात पडतो: ११६१ अधिक ६००. डोळे झाकून ५९९ मिळवले तर लढाई एक वर्ष आधीच होते, आणि तुमच्या खापरपणजोबांचा मृत्यू त्यांच्या मुलाच्या जन्माआधी. शके असेल तर सोपं, ७८ मिळवा, पौष-माघ-फाल्गुनाला बहुधा ७९.

नातवाला आजोबाचं नाव द्यायची रीत असल्यामुळे एकच जोडी आलटूनपालटून येते. कागदात 'विसाजी महादेव' दिसला आणि तुमच्याही वंशावळीत विसाजी महादेव आहे, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. दोन पिढ्यांनी पुन्हा तोच येतो, आणि चुलतघराण्यातही. वतन तेच आणि भाऊ तेच, असं दोन्ही जुळलं तरच माणूस तोच धरावा. शिवाय विसाजी हाच विश्वनाथ, नारो हाच नारायण. वतनाच्या भांडणात सादर केलेल्या वंशावळी तर जपूनच घ्याव्यात. हक्क सांगणाऱ्याला आपली शाखा थोरली दाखवायची असते, निपुत्रिक भाऊ त्याच्या कामाचे नसतात, मुली तर नसतातच.

ही उणीव तीर्थोपाध्यायांच्या वह्या भरून काढतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया, काशी. तिथे आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने भाऊ, मुलं, कधी बायकांची नावं लिहिलेली असतात, आणि भांडण जिंकायचं नसल्यामुळे ती जास्त भरवशाची. उपाध्याय कोण हे ठरतं मूळ गावावरून. चार पिढ्या सदाशिव पेठेत काढलेल्या माणसाने 'पुणे' सांगितलं तर दहा दारं फिरावी लागतात. जाताना वंशावळ कागदावर मांडून न्या, दक्षिणा द्या, फोटोची परवानगी आधी विचारा. पितृपंधरवड्यात आणि सिंहस्थात जाऊ नका, त्या दिवसांत वही उघडायला कुणालाच सवड नसते.